लेझरच्या पॅकेजचे पैसे परत मिळण्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग,
दवाखान्यांचे मुख्य कार्यालय, पुणे

दिनांक: 18 ऑगस्ट 2025

विषय: जिभेवरच्या जखमेसाठी विकलेले सहा सिटिंगचे लेझर पॅकेज, अपुरी तपासणी आणि रकमेचा परतावा

महोदय,

मी पुण्यातल्या एका शाळेत सहावी-सातवीला मराठी शिकवते. जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि चार-पाच दिवसांत माझ्या जिभेच्या उजव्या कडेला फोड आला. तोंड येणे मला नवीन नाही. पेपर तपासणीच्या दिवसांत दर वर्षी येते, मी जाईची पाने चघळते, बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या घेते आणि आठ-दहा दिवसांत ते जाते. या वेळी गेले नाही. बोलताना जीभ वर वळली की दुखरी कड दाढेला घासायची, आणि मराठीच्या बाईला जीभ न वळवता तास घेता येत नाही. मुलांच्या वहीतला 'ल' आणि 'ळ' लाल शाईने दुरुस्त करणारी मी 2 जुलैला वर्गात स्वतःच 'फला पुसा' म्हणाले. वर्ग हसला. त्याच संध्याकाळी आपल्या दवाखान्यात आले, कारण शाळेच्या वाटेवर आपला बोर्ड आहे: 'तोंड येणे कायमचे बंद! वेदनारहित लेझर.'

आधी चांगले काय घडले ते लिहिते. पहिल्या सिटिंगनंतर दहा-पंधरा मिनिटांत ठणका उतरला. त्या रात्री मी बऱ्याच दिवसांनी तिखट आमटी खाल्ली, आणि शनिवारी शाळेच्या दिंडीत मुलांबरोबर 'ज्ञानोबा-तुकाराम' म्हणत मैदानाला दोन फेऱ्याही मारल्या. लेझरने दुखणे कमी होते याबद्दल माझी तक्रार नाही. सोमवारी ते दुखणे जसेच्या तसे परत आले, त्याबद्दलही नसती, जर कोणी मला आधी सांगितले असते की लेझर दुखणे कमी करते, जखम भरायला थोडी मदत करते, पण फोड पुन्हा येणे थांबवत नाही.

मला सांगितले गेले ते वेगळेच. डॉक्टरांनी तोंड बघायच्या आधी काउंटरवरच्या मुलीने सहा सिटिंगचे पॅकेज समोर ठेवले होते. एकेक घेतले तर 2,000 रुपये, सहा एकदम घेतली तर 10,800. त्यावर 18 टक्के जीएसटी 1,944. एकूण 12,744 रुपये मी यूपीआयने भरले. (दातांचा, तोंडाचा उपचार ही आरोग्यसेवा आहे आणि तिला जीएसटीची सूट आहे. निव्वळ सौंदर्यासाठी केलेल्या कामाची गोष्ट वेगळी. माझ्या जिभेच्या कडेला सौंदर्याचे काही काम नव्हते. हा कर कशाचा घेतला, हे लेखी कळवावे.)

दुसरे सिटिंग 8 जुलैला झाले आणि तिसरे 12 जुलैला. तिन्ही वेळा डॉक्टरांच्या डोळ्यांवर रंगीत चष्मा होता. माझ्या आणि शेजारी उभ्या मदतनीस मुलीच्या डोळ्यांवर काहीच नव्हते. मी विचारले तर 'डोळे मिटून घ्या' असे उत्तर आले. दिसतो तो लाल ठिपका फक्त नेम धरण्यासाठी असतो, काम करणारा किरण डोळ्यांना दिसतच नाही, म्हणून खोलीतल्या प्रत्येकाला त्या लेझरसाठी बनवलेला चष्मा लागतो, हे मला नंतर दुसरीकडे कळले. तिसऱ्या वेळी यंत्राचे टोक जिभेला टेकले. चर्र झाले, केस जळल्यासारखा वास आला. 'थोडं होतंच,' म्हणाले. फोडावर लेझर देताना शक्ती कमी ठेवून, टोक न टेकवता, थोड्या अंतरावरून गोल फिरवायचे असते. टेकवून वापरतात ते हिरडी कापायला. हेही मला दुसरीकडेच कळले.

आता मुख्य मुद्दा. तीन सिटिंगमध्ये मला कोणीही दोन साधे प्रश्न विचारले नाहीत: किती दिवस झाले? आणि दर वेळी याच जागी येते का?

24 जुलैला मी एका दंत महाविद्यालयात केस पेपर काढला. तिथे माझ्या भाचीच्या वयाच्या शिकाऊ डॉक्टरने हेच दोन प्रश्न सर्वांत आधी विचारले. मग तंबाखू, सुपारी, मिश्री. हातमोजा घालून बोटाने जखमेची कड दाबून पाहिली, कडक आहे का ते चाचपले, मानेच्या गाठी पाहिल्या. मग छोटा आरसा लावून जिभेलगतची खालची दाढ पाहिली आणि वरिष्ठ मॅडमना हाक मारली. दाढेत जुने सिमेंट भरलेले होते, त्याचा आतल्या बाजूचा कोपरा तुटून धारदार झाला होता. नेहमी तोंड येते तो फोड गोल, उथळ, मध्ये पिवळट आणि भोवती लाल असतो, दर वेळी जागा बदलतो आणि साधारण एक-दोन आठवड्यांत बरा होतो. माझी जखम लांबट होती, बरोबर त्या कोपऱ्यासमोर होती आणि पाच आठवडे जुनी होती.

त्यांनी कोपरा घासून गुळगुळीत केला. दहा मिनिटेही लागली नाहीत. पण मॅडम म्हणाल्या, "दोन आठवड्यांनी परत या. तोवर भरली नाही तर तुकडा काढून तपासायला पाठवू." तुकडा कशासाठी, हे मी विचारले नाही. जिभेच्या कडेची न भरणारी जखम म्हणजे कशाची शंका, हे आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. ते चौदा दिवस मी रोज रात्री मोबाइलचा टॉर्च लावून आरशात जीभ बघत होते. नवऱ्याला आठवडाभर सांगितले नव्हते. 7 ऑगस्टला जखम पूर्ण भरलेली होती.

माझे नशीब चांगले. पण जखम त्या दुसऱ्या प्रकारची असती, तर सहाव्या सिटिंगपर्यंत आपण तिचे दुखणे दाबत राहिला असता आणि मी बरे वाटतेय म्हणून घरी बसले असते. ही भीती मला आजही सोडत नाही.

11 ऑगस्टला मी आपल्या ग्राहक सेवेला फोन केला. उत्तर मिळाले, "मॅडम, पॅकेज नॉन-रिफंडेबल आहे, पण उरलेली सिटिंग घरातल्या कोणाला ट्रान्सफर करता येतील." आमच्या घरात सध्या कोणाचे तोंड आलेले नाही.

पहिल्या सिटिंगचे 1,800 रुपये मी मागत नाही, त्या दिवशी खरेच आराम पडला होता. बाकीचे 10,944 रुपये ज्या खात्यातून आले त्याच खात्यात परत करावेत. माझ्या तपासणीच्या नोंदींची प्रत द्यावी, म्हणजे त्यात माझ्या दाढेबद्दल एक ओळ तरी आहे का ते कळेल. रुग्णांना आणि मदतनीसांना चष्मे द्यावेत. आणि बोर्डावरचे 'कायमचे बंद' पुसावे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्याखाली येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच सांगितले आहे.

पावती आणि दंत महाविद्यालयाच्या केस पेपरची प्रत सोबत जोडली आहे. फोन करायचा असल्यास संध्याकाळी साडेपाचनंतर करावा, त्याआधी मी वर्गात असते.

आपली,
एक रुग्ण (फाइल क्रमांक पावतीवर आहे)