किंडरवर जाण्याआधी

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

काल बोलणं अर्धवट राहिलं. "बाबा, तो डोंगर कळसूबाईच्या निम्माही नाही," म्हणालीस आणि फोन ठेवलास. खरं आहे. कळसूबाई १६४६ मीटर, तुझा तिकडचा, इंग्लंडातला किंडर स्काउट ६३६. उंचीचं मला काही वाटत नाही. पायथ्याच्या एडेल गावात तंबूत राहणार, त्याचंही नाही. बाकीचे तिघं तंबूत लोळणार आणि तू एकटी वर जाणार, एवढंच रात्रभर डोक्यात घोळत राहिलं.

कळसूबाईला देवळाशी पोचलं की माथा आला हे धुक्यातही कळतं. किंडरचा माथा म्हणजे अफाट सपाट पठार, पीटचं, म्हणजे कुजलेल्या झाडपाल्याच्या काळ्या भुसभुशीत मातीचं, आणि त्यात पाण्याने कापलेले माणूसभर खोल चर. चरात उतरलं की दोन्हीकडे काळी भिंत, वर आलं की चहूकडे सारखंच. त्यात धुकं उतरलं तर? जेकब्ज लॅडरच्या वाटेने चढ आणि कडेकडेच्या वाटेनेच किंडर डाउनफॉल धबधब्यापर्यंत जा. पठारात मधे घुसू नकोस. होकायंत्र गळ्यात असू दे, सॅकच्या तळाशी नको. तिकडची घड्याळं हिवाळ्यासाठी तासभर मागे गेलीत, पाचच्या आत काळोख पडेल.

झालं माझं सुरू. रागावू नकोस. तुझी आई मघापासून "पुरे आता" म्हणतेय. बापूच्या वेळेपासून तीही झोपत नाही, पण बोलत नाही.

बारीहून आपण चढलो तेव्हा दुसऱ्या शिडीवर तुझ्या उजव्या सँडलचा बंद तुटला होता. लोखंडी पायऱ्यांवरून पाणी निथळत होतं. मी दंड धरला तर हात झटकून म्हणालीस, "सोडा, माझ्या पायऱ्या मोजायच्या चुकतात." पहिलीत होतीस. वर पोचेपर्यंत मी मागून नुसत्या तुझ्या टाचा बघत होतो.

आणि किंडरचं वाचलं मी. शिकारीसाठी जमीनदारांनी अडवलेला तो डोंगर. २४ एप्रिल १९३२ ला मँचेस्टर-शेफील्डकडची कामगार पोरं शेकड्यांनी वर चढून गेली. पाच जणांना तुरुंगात टाकलं. आज आबा हवे होते. गिरणीत साच्यावर उभं राहून ज्यांचे पाय सुजायचे, त्यांची नात त्या वाटेने जातेय. शेजारच्या काकांना दोनदा सांगून झालं.

नानांची शिट्टी घेतलीस ना? अडचणीत सापडलीस तर मिनिटात सहा वेळा फुंकायची, मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा. वर फोनला रेंज मिळेलच असं नाही. आणि धुकं दिसलं तर मागे फिर गं, धबधबा पुढच्या खेपेला बघ. चौथ्यांदा सांगतोय, माहीत आहे मला.

फराळ पोस्टाने निघालाय. चकल्या कडक झाल्यात, पण कडबोळी चांगली आहेत. त्या तिघांनाही दे. खाली उतरलीस की मेसेज कर. तुमचे पाच म्हणजे आमचे साडेदहा, मी जागाच असेन.

तुझा,
बाबा