संशय सांगायचा कोणाला? गृहमंत्र्यांना खुले पत्र

माननीय गृहमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

परकीय हेरांपासून देशाचे रक्षण करण्याचा विषय निघाला की चर्चा बहुधा सीमेवरची पाळत, संगणकांतली घुसखोरी आणि परकीय वकिलातींतील हालचाली यांभोवती फिरते. या पत्रातून मला आपले लक्ष वेधायचे आहे ते गुप्तचर खात्यांच्या आतल्या एका उणिवेकडे. जगातली गाजलेली प्रकरणे वाचताना मन विषण्ण करणारी एक गोष्ट पुन्हापुन्हा समोर येते: घरभेद्याविषयी कोणाला तरी शंका आली होती, ती त्याने वरिष्ठांच्या कानावरही घातली होती, पण तिचा छडा लावणे हे कोणाचेच काम नव्हते.

अमेरिकेच्या सीआयए या परदेशी हेरगिरी करणाऱ्या संस्थेतील ऑल्ड्रिच एम्स याने १९८५ मध्ये वॉशिंग्टनमधील सोव्हिएत वकिलातीत स्वतःहून जाऊन माहिती विकायला सुरुवात केली. सोव्हिएत हेरखात्याविरुद्धच्या प्रतिहेरगिरीचेच काम त्याच्याकडे असल्यामुळे अमेरिकेला गुपिते पुरवणाऱ्या सोव्हिएत खबऱ्यांची नावे त्याला माहीत होती. त्यांपैकी किमान १० जणांना पुढे मृत्युदंड झाला. वर्षाला ७०,००० डॉलरही पगार नसलेल्या या माणसाने ५,४०,००० डॉलरांचे घर रोख रकमेने घेतले, तो जग्वार गाडीतून कामावर येऊ लागला, आणि ही सारी पत्नीच्या माहेरची श्रीमंती आहे असे सांगत राहिला. १९८९ मध्ये एका सहकारी महिलेने ही विसंगती वरिष्ठांना कळवली. चौकशी सुरूही झाली. पण ती ज्याच्याकडे होती तो अधिकारी मध्येच प्रशिक्षणाला गेला, त्याच्या जागी दुसऱ्या कोणाची नेमणूक झाली नाही, आणि एम्सला अटक व्हायला फेब्रुवारी १९९४ उजाडला.

अमेरिकेतच देशांतर्गत तपास करणाऱ्या एफबीआयच्या रॉबर्ट हॅन्सनचे प्रकरण मला याहूनही गंभीर वाटते. त्याचा मेहुणा त्याच खात्यात अधिकारी होता. हॅन्सनच्या घरात खुलासा न होणारी मोठी रोकड असल्याचे कळल्यावर त्याने १९९० मध्ये, म्हणजे सख्ख्या बहिणीच्या संसाराचा विचार बाजूला ठेवून, आपला संशय वरिष्ठाला सांगितला. पुढे काहीच झाले नाही. हॅन्सन पकडला गेला तो २००१ मध्ये. आपल्यावर कोणाची नजर आहे का, हे पाहण्यासाठी तो खात्याच्या संगणकावर स्वतःचेच नाव शोधत असे. त्या शोधांची नोंद होत होती, पण ती कोणी तपासत नव्हते.

पैशाचे व्यवहार कडकपणे तपासले की प्रश्न सुटेल, असे आपले सल्लागार कदाचित म्हणतील. अमेरिकेच्या संरक्षण गुप्तचर संस्थेतील ॲना माँटेस हिने क्यूबासाठी सुमारे १६ वर्षे हेरगिरी केली ती विचारांनी प्रेरित होऊन. तिने कार्यालयातून कागद बाहेर नेण्याचे टाळले, वाचलेले लक्षात ठेवून ती घरी टिपून काढत असे. तिच्या बँक खात्यातून किंवा कार्यालयाच्या दारावरच्या झडतीतून काही हाती लागण्याजोगे नव्हते. एका सहकाऱ्याला मात्र तिच्या वागण्यात खटकले आणि त्याने १९९६ मध्ये तसे कळवले. तिला बोलावून प्रश्न विचारले गेले, उत्तरे पटण्याजोगी वाटली, आणि ती आणखी पाच वर्षे त्याच खुर्चीत राहिली.

संशय ऐकून घेण्याची नीट व्यवस्था नसली की निरपराध माणसाचाही बळी जातो, हे मी तितक्याच कळकळीने सांगतो. हॅन्सनच्या शोधात एफबीआयने सीआयएच्या ब्रायन केली यांच्यावर बोट ठेवले, त्यांना कामावरून दूर करण्यात आले, त्यांच्या कुटुंबीयांची चौकशी केली. ब्रायन केली पॉलिग्राफ, म्हणजे खोटे बोलणे पकडण्याची, चाचणी उत्तीर्ण झाले, तर तो त्यांच्या तरबेजपणाचा पुरावा मानला गेला. एम्स आणि माँटेस हीच चाचणी उत्तीर्ण झाले, तेव्हा ते निर्दोषपणाचे लक्षण ठरले होते. भारतात नंबी नारायणन या अवकाश शास्त्रज्ञाला १९९४ मध्ये हेरगिरीच्या आरोपाखाली अटक झाली. आरोपांत तथ्य नसल्याचे सीबीआयने १९९६ मध्ये सांगितले, तरी सर्वोच्च न्यायालयाकडून ५० लाख रुपयांच्या भरपाईचा आदेश मिळायला २०१८ साल उजाडावे लागले. तोवर त्या माणसाच्या उमेदीची वर्षे संपली होती.

संशय पक्का होत आला तरी निर्णय कोणी घ्यायचा हे ठरलेले नसते. पश्चिम जर्मनीत गुंटर गियोम हा पूर्व जर्मनीचा हेर असावा अशी शंका १९७३ मध्येच आली होती, तरी पुरावा जमवण्यासाठी त्याला चॅन्सेलर म्हणजे सरकारप्रमुख विली ब्रँट यांच्याजवळच ठेवले गेले. त्या उन्हाळ्यात तो त्यांच्यासोबत नॉर्वेला सुट्टीवर गेला आणि तिथे येणारे गोपनीय संदेश त्याच्या हातून गेले. १९७४ मध्ये त्याला अटक झाली आणि ब्रँट यांना पद सोडावे लागले. भारताच्या परदेशी हेरगिरी करणाऱ्या 'रॉ'मधील रबिंदर सिंग २००४ मध्ये फितुरीच्या संशयावरून पाळतीखाली असतानाच देशाबाहेर निसटला.

महोदय, या साऱ्याचे मूळ मला एका साध्या गोष्टीत दिसते. शंका ज्या वरिष्ठाकडे जाते, त्याच्याच हाताखाली फितुरी झाली असे उघड झाल्यास त्याची कारकीर्द डागाळते. म्हणून ती दाबून ठेवण्यात दुष्ट हेतू नसला तरी स्वार्थ असतो. शंका सांगणाऱ्याला मत्सरी ठरवणे सोपे असते, आणि ज्याच्यावर ती आली त्याला आपली बाजू मांडायला जागाच नसते. त्यामुळे अशी तक्रार खात्याच्या उतरंडीबाहेरच्या, कायद्याने स्थापन झालेल्या एका लहान कक्षाकडे जावी. तिची लेखी नोंद व्हावी, ठरावीक मुदतीत निष्कर्ष लिहिला जावा, आणि अटकेपूर्वी उपलब्ध पुरावा न्यायिक अनुभव असलेल्या व्यक्तीने पाहावा, अशी माझी मागणी आहे. गोपनीय नोंदी कोण उघडतो याची तपासणी खातेप्रमुखांपासून सुरू व्हावी. या कक्षात काम करणाऱ्यांच्या बढतीचा निर्णय ते ज्यांची चौकशी करतात त्यांच्या हाती नसावा. अन्यथा तिथे कोणी हुशार माणूस टिकणार नाही.

कोणत्याही चालू प्रकरणाचा तपशील मी मागत नाही. येत्या अधिवेशनात आपण केवळ एवढे सांगावे, की आपल्या अखत्यारीतील गुप्तचर खात्यातल्या एखाद्या कनिष्ठ अधिकाऱ्याला उद्या आपल्या वरिष्ठाविषयीच शंका आली, तर त्याने ती कोणाकडे न्यावी, आणि तिचे उत्तर त्याला किती दिवसांत मिळेल.

आपला नम्र,
एक नागरिक