बाबांचा इको रिपोर्ट

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

बाबांच्या इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट नीट वाचला. आधी त्या 60 चं सांगते, कारण आईने तेच धरून ठेवलंय. ईएफ 60 टक्के म्हणजे 40 टक्के हृदय निकामी, असं अजिबात नाही. डावा कप्पा दर ठोक्याला आतलं 60 टक्के रक्त पुढे ढकलतो. धडधाकट माणसाचंही साधारण एवढंच असतं.

दुखणं आहे ते महाधमनीच्या तोंडावरच्या झडपेचं. तिच्या पात्यांवर कॅल्शियम साठून ती ताठ झालीत. (म्हणून दूध-दही बंद करू नका, हे त्यातून आलेलं नाही.) झडप उघडली की 3 ते 4 चौरस सेंटिमीटर वाट हवी, बाबांची 1.2 आहे. नळीच्या तोंडावर बोट दाबलं की पाणी जोरात उडतं, तसं रक्त सेकंदाला 3.6 मीटर वेगाने जातंय. ग्रेडियंट म्हणजे झडपेच्या अलीकडच्या-पलीकडच्या दाबातला फरक; त्यातला पीक (सर्वाधिक) 52 बघून दचकू नका, मीन (सरासरी) बघा: 31. मीन 40 किंवा जास्त, वेग 4 मीटर किंवा जास्त, नाहीतर वाट 1 च्या खाली, म्हणजे झडपेचं अरुंदपण तीव्र. बाबांचं मध्यम आहे. वर्ष-दोन वर्षांनी इको पुरतो, त्रास सुरू झाला तर मात्र लगेच.

बाबा, "मला काही होत नाही" यावर माझा विश्वास नाही. जिना चढणंच सोडलं तर दम लागेल कुठून? आई, तूच लक्ष ठेव: मंडईतून येताना पूर्वी थांबत नव्हते तिथे थांबतात का, चालताना छाती भरून येते का, डोळ्यांपुढे अंधारी येते का. शुद्ध हरपून पडले तर त्याच दिवशी हॉस्पिटल, उद्यावर नाही.

ताठ पाती सैल करणारी गोळी नाही. बीपीची चालू ठेवा, पण ती बीपीसाठीच. डब्यातली सॉर्बिट्रेट (छातीत दुखण्यावरची गोळी) मनाने जिभेखाली ठेवू नका, अशा झडपेत बीपी एकदम कोसळू शकतं. जुलाब झाले किंवा निर्जळी उपवास केला तरी तीच भीती, म्हणून एकादशीला पाणी प्यायचंच.

पुढे झडप बदलायची झालीच, तर छाती उघडून किंवा जांघेतल्या धमनीतून नळी घालून बदलतात. धातूची बसवली तर रक्त पातळ करणारी गोळी जन्मभर. ऊतींची असेल तर ती बहुधा लागत नाही, पण वर्षांनी झिजते. ते तेव्हा बघू. किडका दात मात्र आत्ताच दाखवा, झडप बसवण्याआधी तोंडातला जंतुसंसर्ग संपलेला लागतो.

जुने इको तारखेप्रमाणे एकाच फायलीत लावा, आणि पुढचा शक्यतो त्याच सेंटरला काढा, म्हणजे आकडे ताडून बघता येतील.

तुमची,
ताई