दारावरच्या नोटिशीबद्दल

गिरगाव, मुंबई

चि. निखिल यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू मुलुंडला ज्या फ्लॅटमध्ये महिन्याचे भाडे भरून राहतोस, त्याच्या मालकांनी कर्जाचे हप्ते थकवल्यामुळे बँकेने दारावर चिकटवलेल्या नोटिशीचा फोटो पोहोचला. तिच्यातला ‘सांकेतिक ताबा’ म्हणजे ताबा कागदोपत्री बँकेचा झाला आहे, किल्ली मात्र अजून तुझ्याकडेच आहे. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँका सहसा दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणतात. तेव्हा उद्याच सामान बांधायला नको. पण ‘बँकेचं मी बघतो, तुम्ही निश्चिंत राहा’ या मालकांच्या तोंडी आश्वासनावर पुढच्या अकरा महिन्यांच्या करारावर सहीही करू नकोस.

थकीत कर्जाच्या वसुलीसाठी असलेल्या सरफेसी कायदा, २००२ च्या कलम १३ नुसार बँकेची साठ दिवसांची मागणी नोटीस मिळाल्यावर कर्जदाराला गहाण मिळकत बँकेच्या लेखी संमतीशिवाय विकता किंवा भाडेपट्ट्याने देता येत नाही. तुझ्यासारखा ‘लिव्ह अँड लायसन्स’, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी राहण्याच्या परवानगीचा करार, या बंधनात बसतो की नाही, यावर वकील मंडळी खुशाल वाद घालोत. आपण मात्र मालकांकडे बँकेचे संमतीपत्र मागावे. मागणी नोटिशीची तारीख दारावरच्या त्या कागदावर छापलेली असते, पण फोटोत ती चिकटपट्टीखाली झाकली गेली आहे. ती नीट वाच आणि तुझा सध्याचा करार त्या तारखेआधीचा आहे की नंतरचा, हे मला कळव.

तू फोनवर म्हणालास, ‘भाडेकरूला असं कसं काढतील?’ इथेच तुझी गल्लत होते आहे. आपली ही गिरगावची खोली पागडीची, म्हणजे सुरुवातीला मोठी रक्कम देऊन भाड्याने घेतलेली, आहे आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चे संरक्षण तिला आहे, म्हणून मालक बदलला तरी आपण निर्धास्त असतो. तू कायद्याने भाडेकरू नाहीस, परवानगीने राहणारा आहेस. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे मिळकत दुसऱ्याकडे गेली की ती परवानगी नव्या मालकाला बांधून ठेवत नाही. शिवाय मुदत संपल्यावर जागा सोडली नाही, तर १९९९ च्याच कायद्याखाली दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते, त्यामुळे अडून बसण्याचा सल्ला कोणी दिला तरी ऐकू नकोस.

खरी चिंता तुझ्या डिपॉझिटची आहे. ज्यांच्याकडे हप्ते भरायला पैसे नाहीत, ते तुझी रक्कम एकरकमी कोठून परत करणार? उरलेल्या महिन्यांचे भाडे डिपॉझिटमधून वळते करून घ्यावे, असे मालकांना सुचव आणि ते मान्य झाल्यास त्यांच्याकडून ई-मेलवर लिहून घे. परस्पर भाडे थांबवू नकोस, कारण मग थकबाकीदार तूच ठरशील.

नोटिशीवर ज्या अधिकाऱ्याची सही आहे, त्याला नोंदणीकृत कराराची प्रत जोडून स्पीड पोस्टाने पत्र पाठव, म्हणजे फ्लॅटमध्ये कोण व कोणत्या मुदतीपर्यंत राहते, हे बँकेच्या दप्तरी येईल. पत्राचा मसुदा आधी मला दाखव.

तुझे,
बाबा