तिकीट पाकिटावरच राहू द्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळी सुटी तोंडावर आली की वृत्तपत्रांतून मुलांच्या छंदांविषयी लिहून येते आणि त्यात टपाल तिकिटांचा संग्रह हमखास असतो. अशा लेखांतला एक सल्ला वर्षानुवर्षे तसाच चालत आला आहे : पाकिटाचा तिकीट असलेला कोपरा कापावा, पाण्यात भिजवावा आणि सुटलेले तिकीट टिपकागदावर वाळवून अल्बममध्ये लावावे. दूरच्या लहान बेटांवरून आलेली पत्रे जमवणारा एक संग्राहक म्हणून मला या सल्ल्याविरुद्ध लिहावेसे वाटते, कारण बेटावरच्या टपालाच्या बाबतीत जे जपायचे तेच या पद्धतीत कचऱ्यात जाते.

आपल्याच देशातले उदाहरण घेऊ. लक्षद्वीपमधील मिनिकॉय हे बेट कोचीपासून सुमारे चारशे किलोमीटर समुद्रात आहे. संपूर्ण लक्षद्वीपात विमानाची धावपट्टी फक्त अगत्ती बेटावर असल्यामुळे मिनिकॉयची भिस्त मुख्यतः बोटीवर असते. तिथून निघालेल्या पत्रावरचे तिकीट मात्र पुण्यात किंवा सोलापुरात मिळते तेच असते. ते मिनिकॉयहून आले हे सांगणारी एकच गोष्ट म्हणजे त्यावर उमटलेला टपाल शिक्का. त्यातले कार्यालयाचे नाव, तारीख आणि ६८२५५९ हा पिन कोड. शिक्क्याचा अर्धा भाग तिकिटावर आणि अर्धा पाकिटावर पडलेला असतो. कोपरा कापून भिजवला की हाती उरते ते कुठलेही पाच रुपयांचे तिकीट.

ज्या बेटांची स्वतःची तिकिटे आहेत, तिथेही हेच म्हणावे लागते. दक्षिण अटलांटिकमधील ट्रिस्टन दा कुन्हा या जेमतेम अडीचशे वस्तीच्या ब्रिटिश बेटावर विमानतळ नाही आणि केप टाऊनहून बोटीने तिथे पोहोचायला साधारण आठवडा लागतो. बेटाची पहिली तिकिटे १ जानेवारी १९५२ रोजी निघाली आणि तीही सेंट हेलेना या दुसऱ्या ब्रिटिश बेटाच्या तिकिटांवर ट्रिस्टनचे नाव छापून. त्याआधी पत्रे जाणाऱ्या-येणाऱ्या जहाजांच्या हवाली केली जात. तिकीटच नसल्यामुळे बेटाच्या नावाचा रबरी शिक्का हीच त्या पत्रांची ओळख असे आणि टपालखर्च अनेकदा पत्र घेणाऱ्याच्या माथी पडे. १९४६ मध्ये बेटासाठी एका तिकिटाचा नमुना तयार झाला होता. त्यावर किंमत होती एक पेनी किंवा चार बटाटे, कारण तिथे व्यवहारात बटाटेच चालत. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी ते तिकीट मान्य केले नाही. (मला विचाराल तर जगातल्या कित्येक मान्य तिकिटांपेक्षा ते अधिक प्रामाणिक होते.) १९६१ मध्ये ज्वालामुखीच्या उद्रेकामुळे सगळे बेट रिकामे करावे लागले आणि बहुतेक रहिवासी १९६३ मध्ये परतले, तेव्हा या दोन वर्षांच्या आगेमागे पडलेले शिक्के हा त्या गावाचा इतिहासच म्हणायला हवा.

आज अशा बेटांची कोरी, चकचकीत तिकिटे बेटाला न शिवताही मिळतात. ती बहुधा परदेशात छापली जातात आणि एजंटांमार्फत थेट संग्राहकांना विकली जातात. त्यातून बेटाला उत्पन्न मिळते, म्हणून त्याला माझी हरकत नाही. पण तो संग्रह छपाईचा, टपालाचा नव्हे.

प्रशांत महासागरातील टोंगा या देशाच्या निउआफोऊ बेटाची पाकिटे समोर ठेवली की हा फरक लगेच लक्षात येतो. या बेटाला बंदर नाही. १८८२ मध्ये विल्यम ट्रॅव्हर्स नावाच्या तिथल्या रहिवाशाने तोडगा काढला : जहाजाने पत्रे बिस्किटांच्या डब्यात बंद करून समुद्रात सोडायची आणि बेटावरच्या पोहणाऱ्यांनी डबा किनाऱ्याला आणायचा. १९३१ मध्ये एका पोहणाऱ्याचा शार्कच्या हल्ल्यात मृत्यू झाला आणि त्यानंतर होड्या वापरल्या जाऊ लागल्या. पुढे क्वेन्सेल या जर्मन व्यापाऱ्याने प्रवासी जहाजांच्या टपालावर ‘टिन कॅन मेल’ (पत्र्याच्या डब्यातले टपाल) असे रंगीत शिक्के मारायला सुरुवात केली आणि पाकिटाची पुढची-मागची बाजू शिक्क्यांनी भरून जाऊ लागली. काही जुने संग्राहक याला पर्यटकांचा बाजार म्हणून नाक मुरडतात. ते काही अंशी खरे आहे, पण ती पाकिटे त्या डब्यांतून गेली होती. अशा पाकिटावरचे तिकीट सोडवून घ्यायचे म्हणजे नारळ टाकून शेंडी ठेवण्यासारखे आहे.

म्हणून शाळांतील छंदवर्ग घेणाऱ्या शिक्षकांना आणि पालकांना माझी विनंती आहे की, आलेले पाकीट मुलांना सबंध ठेवायला शिकवावे. कोकणात आणि मुंबईत दमट हवेमुळे बुरशी लवकर धरते, तेव्हा पाकिटे गोंदाने न चिकटवता कागदी कोपऱ्यांत अडकवावीत आणि अधूनमधून वारा द्यावा.

सुरुवात लक्षद्वीप किंवा अंदमान-निकोबारपासून करता येईल. पुरेसे तिकीट लावलेले, स्वतःचा पत्ता लिहिलेले पाकीट दुसऱ्या पाकिटात घालून तेथील पोस्टमास्तरांच्या नावे पाठवावे आणि शिक्का स्पष्ट मारून ते परत टपालात टाकावे, अशी दोन ओळींची नम्र चिठ्ठी सोबत ठेवावी. पावसाळ्यात बोटींच्या फेऱ्यांवर परिणाम होतो, त्यामुळे शक्य तर मे महिन्याच्या आत पाठवावे आणि उत्तराला उशीर झाला, तर लगेच दुसरे पाकीट पाठवून तिथल्या कर्मचाऱ्यांना त्रास देऊ नये.

आपला,
एक तिकीटसंग्राहक, रत्नागिरी