नानांचा दवाखाना बारमध्ये भेटला

पुणे, रविवार रात्र

प्रिय नलू,

हे फोनवर सांगता आलं नसतं. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि घरात निखिल असतो. म्हणून लिहायला बसले. शुगर ठीक आहे, डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर. झाली तब्येत.

काल निखिल मला एका बारमध्ये घेऊन गेला. हो, बारमध्येच. आधी सगळं वाच, मग ओरड.

कोरेगाव पार्कातल्या आतल्या गल्लीत एका जुन्या बंगल्याचा तळमजला आहे. बाहेर नावाची पाटी नाही. दारावर फक्त ती सरकवायची लाकडी फळी, ‘डॉक्टर आहेत / नाहीत’. ‘आहेत’वर होती. आत पाऊल टाकलं आणि मी उंबऱ्यातच थांबले. नलू, नानांचा दवाखाना! तेच लांब बाक, तीच जाळीची खिडकी आणि तिच्याखाली आपले कंपाउंडर वसंतराव बाटली सरकवायचे तसलं अर्धगोल भोक. काचेच्या कपाटात तपकिरी बाटल्या ओळीनं लावलेल्या, पितळी तराजू, निळ्या काठाचं एनॅमलचं तसराळं, भिंतीवर डोळे तपासायचा मराठी अक्षरांचा तक्ता. पितळेचा बिल्ला हातात देतात आणि नंबर पुकारला की खिडकीशी जायचं. गाणी नाहीत, टीव्ही नाही, क्रिकेट नाही. आत डॉक्टर असताना बाहेर बसलेली माणसं बोलतात ना, तेवढ्याच आवाजात सगळे बोलत होते. तू असतीस तर तुला दोन मिनिटांत बाहेर काढलं असतं.

पहिल्यांदा मला रागच आला. दवाखान्याची थट्टा करून तिथे दारू विकायची! मग ती जागा चालवणारी मुलगी येऊन शेजारी बसली. वयानं तुझ्या केतकीएवढी असेल. तिचे आजोबा वाईला डॉक्टर होते. ते गेल्यावर सामान भंगारात जाणार होतं, ते हिनं आणि हिच्या नवऱ्यानं टेम्पोत घालून पुण्याला आणलं. तराजू ती रोज स्वतः पुसते. त्यावर मी काय बोलणार?

आणि आता ऐक. ग्लास आला, त्यावर कागदाची पट्टी चिकटवलेली. डोसाची पट्टी! दोन्ही कडांना कात्रीनं खाचा मारलेली, अगदी आपण कापायचो तशी. कागद उभा दुमडायचा, खाचा सारख्या अंतरावर यायला हव्यात म्हणून तू जीभ बाहेर काढून कापायचीस, आणि वसंतराव खळ लावून ती बाटलीला डकवायचे. इथे ग्लासला तीन खाचा. इथली बिअर नेहमीपेक्षा कडक असते, म्हणून एका खाचेपर्यंत प्यायची, थांबायचं, बोलायचं, मग पुढची. दारातच माझ्या नावाचा एक दिवसाचा परवानाही फाडला होता. निखिल म्हणाला, १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली पिण्याचा परवाना असतो तो ‘आरोग्य राखण्यासाठी’. वसंतराव यावर पोट धरून हसले असते.

तिथे सगळी बेल्जियमच्या पद्धतीची बिअर. कंपनीनं निखिलला तिकडे पाठवलं होतं ना, तेव्हापासूनचं हे वेड. सुट्टीच्या दिवशी लोक युरोपात राजवाडे बघतात, हा मठ बघत हिंडला. तिथले ट्रॅपिस्ट पंथाचे ख्रिस्ती साधू बिअर करतात. वेस्टमालेच्या मठात १८३६ पासून करतात. ट्रॅपिस्ट म्हणवून घ्यायचं तर तीन अटी: बिअर मठाच्या आवारातच व्हायला हवी, ती साधूंनी किंवा त्यांच्या देखरेखीखाली व्हायला हवी, आणि पैसा मठाच्या खर्चाला व दानधर्माला जायला हवा. वेस्टव्लेटेरन नावाच्या एका मठाची बिअर २००५ साली जगात सगळ्यात चांगली ठरली, मठाच्या दारात गाड्यांच्या रांगा लागल्या, तरी साधूंनी जास्त बनवायला नकार दिला. आपल्या गरजेपुरती होते, तेवढी पुरे. हे सांगताना निखिलचा चेहरा बघायला हवा होतास. हिंजवडीच्या पगाराबद्दल बोलताना तो असा कधी दिसला नाही.

कपाटात ओर्व्हाल मठाची रिकामी बाटली होती. तिच्यावर तोंडात अंगठी धरलेला मासा. माटिल्डा नावाच्या विधवा सरदारणीची लग्नाची अंगठी झऱ्यात पडली, तिनं प्रार्थना केली, माशानं अंगठी वर आणून दिली, आणि तिनं तिथे मठ बांधला. मला लगेच गॅदरिंगची शकुंतला आठवली आणि मिशी निसटलेला कोळी. मी तिथे त्या शांततेत एकटीच हसले. मग दुसरी अंगठी आठवली. तिचं तू काय केलंस, ते मी कधी विचारलं नाही. आजही विचारत नाही.

तर ग्लासात होती ती निखिलनं स्वतः केलेली. मुंढव्याच्या एका ब्रुअरीत तो शनिवार-रविवार जातो हे तुला सांगितलं होतं, ट्रेकिंगला जातो असं मला वाटायचं तेही सांगितलं होतं. डुबेल म्हणतात तिला, काळपट तांबडी, सात टक्क्यांच्या आतबाहेर. तो म्हणाला, आई, पिऊ नकोस, नुसता वास घे.

नलू, मी श्वास रोखून धरला होता. तुला माहीत आहे मी कुठल्या वासाला भ्यायले होते. पहाटे जिन्यावरून आधी वर यायचा तो आंबट वास, वरून बडीशेप. चाळीस वर्षं झाली, लग्नाच्या हॉलमध्ये कुणी बडीशेप पुढे केली तरी मी हात मागे घेते.

तो वास नव्हता. पिकलेलं केळं होतं, मागून लवंग, आणि मग काळ्या मनुका. यात केळं घातलंस का, विचारलं तर म्हणाला, केळं नाही आणि लवंगही नाही. हे सगळं यीस्ट करतं. लागर, म्हणजे आपल्याकडे नेहमी मिळते ती बिअर, दहा अंशांच्या आसपास थंडीत आंबवतात, तिथे यीस्ट गप्प असतं. ही विशीच्या पुढच्या अंशांना आंबवतात, आणि त्या उबेत यीस्ट असे वास सोडतं. मनुकांचा वास येतो तो काळ्या केलेल्या साखरेचा. आता त्याला ती साखर बाहेरून मागवायची नाही, कोल्हापूरचा गूळ घालून बघायचा आहे. मी म्हटलं, गुळात मीठ असतं, चव बदलेल. तर वहीत लिहून घेतलं, माझं वाक्य, जसंच्या तसं.

मी एका खाचेपर्यंत प्यायले. चांगली होती. तुझ्याशी खोटं बोलून काय करू?

आणि तिथेच तो म्हणाला, आई, नोकरी सोडतोय. हेच करायचंय. तू हो म्हण.

रात्रभर झोप नाही. पैशाचं मला काही वाटत नाही, घर आहे, माझी पेन्शन आहे. लोक काय म्हणतील याचंही नाही, पुण्यात आता हा धंदा चोरून करायचा राहिलेला नाही. २००९ साली डूलाली इथेच सुरू झाली, देशातल्या अगदी पहिल्या छोट्या ब्रुअऱ्यांपैकी एक, आणि आता शिकलेसवरलेले लोक ते करतात. मला एवढंच छळतंय की हा रोज चाखणार. मी विचारलं, रोज किती? म्हणाला, घोटभर गं. नलू, ‘घोटभर’! तोच शब्द, मान तशीच वाकडी करून. हनुवटी तर दादाची आहेच, ते तू बारशालाच म्हणाली होतीस आणि मी तुझ्यावर चिडले होते.

मी वाचलंय. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून दिसतं की दारूच्या व्यसनाचा धोका जवळजवळ निम्मा रक्तातून येतो. म्हणजे उरलेला निम्मा आपल्या हातात, असं मी स्वतःला सांगते. मग आठवतं की दादाच्या वेळी तो निम्माही आपल्या हातात नव्हता. कुणाच्या हातात असणार होता? नाना लिव्हरचं औषध द्यायचे आणि मान हलवायचे. आई नवस बोलायची. येरवड्याचं मुक्तांगण, ते व्यसनमुक्ती केंद्र, सुरू झालं १९८६ च्या ऑगस्टात. दादा चौऱ्याऐंशीत गेला. काल त्या बारमधून निघालो तेव्हा मनात आलं, पूल ओलांडला की पलीकडे येरवडा. दोन वर्षं, नलू.

हौदामागची बाटली तू आईला दाखवलीस, ते मला अजूनही पटलेलं नाही. दादाशी आधी तू बोलायला हवं होतंस, तुझं त्यानं ऐकलं असतं. तू म्हणशील ऐकलं नसतं. यावर आपलं एकमत होणार नाही, आणि माझी काही तक्रार नाही. पण त्या भांडणात आपण दोघींनी आईला शब्द दिला होता की घरातल्या मुलांना मामा काविळीनं गेला असंच सांगायचं. आई होती तोवर मी तो शब्द पाळला. निखिलला आजही कावीळच माहीत आहे.

आता त्याला खरं कळायला हवं. होकार-नकार नंतर. मी त्याला अडवणार नाही, काल त्याला त्या खिडकीमागे उभा पाहिल्यावर मला ते जमणारही नाही. कुणाच्या ग्लासात किती ओतायचं ते तो किती जपून बघत होता! पण ज्याच्या रक्तात हे आहे, त्यानं रोज घोट घेताना तेवढं माहीत असावं. दादा शेवटी कसा दिसायचा, काय बोलायचा, ससूनच्या त्या खाटेवर काय म्हणाला, सगळं.

आणि ते सांगायचं तर तुला वगळून सांगता येत नाही. दादा का सुटला होता ते सहा महिने, आणि मग परत का धरली, हे तुझ्याशिवाय कसं सांगू? तुझ्या घरात हे कुणाला ठाऊक नाही. भाऊजींना किती ठाऊक आहे, मला माहीत नाही. निखिलच्या पोटात राहील, पण शेवटी तो माझा मुलगा आहे, तुझा नाही. म्हणून विचारतेय.

केतकीचं बाळंतपण कोल्हापुरातच करणार की ती नाशिकला जाणार? जावयाच्या बदलीचं काय झालं? तुझ्या गुडघ्याला ते तेल चोळणं बंद कर, नाना असते तर रागावले असते. लोणच्याची बरणी मिळाली, नेहमीसारखी जाळ. निखिल चपातीबरोबर नुसतंच खातो.

तो पुढच्या महिन्यात गूळ बघायला तिकडे येणार आहे, गुऱ्हाळं सुरू झाली की. उतरेल तुझ्याकडेच. त्याआधी मला तुझं उत्तर हवं. ‘सांग’ एवढाच शब्द लिहून पाठवलास तरी चालेल. ‘नको’ असेल तर मात्र फोन कर, दुपारी, निखिल नसताना. मला तुझ्याशी भांडायचं आहे.

तुझी,
मंगल