‘एक काय ते ठरव’ या सल्ल्याविषयी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

निकालांचे दिवस आले की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून करिअरविषयक लेख येऊ लागतात आणि त्यांतील बहुतेकांचा सूर ‘आपली आवड ओळखा आणि तिचाच पाठपुरावा करा’ असा असतो. ज्याची आवड एकच आहे त्याला एवढा सल्ला पुरतो. पण ज्याला गणितही आवडते, चित्रेही काढावीशी वाटतात, इतिहास वाचायला बसले की वेळेचे भान राहत नाही आणि बिघडलेले यंत्र उघडून पाहिल्याखेरीज चैन पडत नाही, त्या विद्यार्थ्याने काय करावे, याविषयी फारसे कोणी लिहीत नाही. तीस वर्षे शाळेत शिकवताना अशी मुले मी जवळून पाहिली आहेत, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

त्यांतील एक मुलगी एकदा अभिरुची चाचणीचा अहवाल घेऊन माझ्याकडे आली. जॉन हॉलंड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये व्यवसायनिवडीचा जो सिद्धान्त मांडला, त्यावर अशा अनेक चाचण्या बेतलेल्या असतात. हातांनी करायची कामे, संशोधन, कला, लोकांना साहाय्य करणे, उद्योग व नेतृत्व आणि नेटकी कार्यालयीन कामे अशा सहा गटांत विद्यार्थ्याचा कल पाहिला जातो आणि जे गट सर्वांत वर येतात त्यांवरून व्यवसाय सुचवले जातात. या मुलीच्या अहवालातील सहाही स्तंभ जवळजवळ सारख्याच उंचीचे होते आणि खाली ‘कल स्पष्ट नाही’ असा शेरा होता. शेऱ्याच्या शेजारी तिने पेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहिले होते, ‘म्हणजे मला काहीच जमणार नाही का?’ तो कागद मी बराच वेळ हातात धरून बसले होते. सगळे स्तंभ सारखे होते हे खरे, पण ते सगळेच उंच होते. सहाही स्तंभ ठेंगणे असलेला आलेख आणि सहाही उंच असलेला आलेख या दोहोंवर एकच शेरा मारला जावा, याचे मला आजही वाईट वाटते.

‘तुला सर्वांत जास्त काय आवडते?’ हा प्रश्न मी तिला विचारला नाही, कारण त्याचे प्रामाणिक उत्तर तिच्यापाशी नव्हतेच. त्याऐवजी आम्ही तिच्या आवडींची वेगळी विभागणी केली. काही विद्या अशा असतात की त्या ठरावीक वयात, संस्थेत, गुरूच्या देखरेखीखाली आणि परवान्यासह शिकल्यावाचून हाती लागत नाहीत. घरी रात्री पुस्तके वाचून कोणाला शस्त्रक्रिया करता येत नाही. इतिहास, लेखन, पक्षिनिरीक्षण यांची गोष्ट निराळी आहे. ती दारे चाळिशीतही उघडी असतात. म्हणून ज्याला दोन्ही आवडतात त्याने जे दार लवकर बंद होते त्याचा विचार आधी करावा. एवढे लक्षात आले तरी निम्मी घालमेल कमी होते, कारण मग एक आवड निवडणे म्हणजे बाकीच्यांना मूठमाती देणे असे वाटत नाही.

पुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. कोणत्याही व्यवसायाचा आकर्षक भाग बाहेरून दिसतो. त्यातील रोजचे रटाळ काम दिसत नाही. ही मुलगी वास्तुरचनेकडे ओढली गेली होती, कारण तिथे चित्र, गणित आणि माणसे तिन्ही होती. सुट्टीत पंधरा दिवस ती ओळखीच्या एका वास्तुरचनाकाराच्या कार्यालयात जाऊन बसली. परत आली तेव्हा म्हणाली, “बाई, पहिलं रेखाटन एका दिवसात होतं आणि नंतर महिनोन्महिने मोजमापं, दुरुस्त्या आणि परवानग्याच असतात.” मला वाटले, हिचा विरस झाला. पण ती पुढे म्हणाली, “ती मोजमापं तपासायचा मला कंटाळा नाही आला.” तिचा निर्णय त्या वाक्यात झाला. आनंदाच्या भागावरून सर्व आवडी सारख्याच वाटतात. त्यांतील फरक कळतो तो कंटाळ्याच्या भागावरून.

उरलेल्या आवडींचे काय होते, असा प्रश्न पालक मला नेहमी विचारतात. विल्यम हर्शेल हे पेशाने संगीतकार होते. चर्चमध्ये ऑर्गन वाजवून आणि शिकवण्या घेऊन ते चरितार्थ चालवीत. स्वरशास्त्रावरील एका ग्रंथाने त्यांना त्याच लेखकाच्या प्रकाशशास्त्रावरील ग्रंथाकडे नेले, आणि मग ते स्वतः दुर्बिणीचे आरसे घासू लागले. हात आरशावरून काढता येत नसे तेव्हा बहीण कॅरोलिन त्यांना घास भरवीत असे. १३ मार्च १७८१ रोजी त्यांना युरेनस दिसला तेव्हा ते बेचाळीस वर्षांचे होते आणि पोट संगीतावरच चालत होते. आपल्या दामोदर धर्मानंद कोसंबींचा मूळ विषय गणित, पण प्राचीन नाणी हाताळून झिजतात आणि त्यांचे वजन घटत जाते, हे संख्याशास्त्राने अभ्यासून त्यांनी नाण्यांच्या साठ्यांचा कालक्रम लावला. इतिहासाच्या ओढीसाठी त्यांना गणित टाकावे लागले नाही. ते त्यांच्या हातातले हत्यार झाले.

अर्थात अनेक आवडी जपण्याची किंमतही असते, आणि ती मुलांपासून लपवू नये. अलेक्झांडर बोरोदिन हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते आणि श्रेष्ठ संगीतकारही. १८६९ मध्ये हाती घेतलेला त्यांचा ऑपेरा १८८७ मध्ये ते वारले तेव्हाही अपुराच होता. तो पुढे मित्रांनी पूर्ण केला. वेळ सर्वांना सारखाच मिळतो.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मीही एका मुलाला ‘एक काय ते ठरव’ असे ठणकावून सांगितले होते आणि त्याने व्हायोलिन बंद केले. त्याचे गणिताचे गुण वाढले नाहीत. फक्त संध्याकाळचा त्याचा हसरा चेहरा दिसेनासा झाला. ती चूक मला विसरता येत नाही.

आपणास एक विनंती आहे. यशस्वी व्यक्तींच्या मुलाखती आपण छापताच. त्यांच्या जोडीला निरनिराळ्या व्यवसायांतील साध्या माणसांनी लिहिलेले, सकाळपासून संध्याकाळपर्यंतच्या एका सामान्य दिवसाचे वर्णन दर आठवड्याला द्यावे, आणि त्यात कंटाळवाण्या कामाला पुरेशी जागा असावी. ज्यांनी मध्येच व्यवसाय बदलला त्यांनाही आवर्जून लिहिते करावे. माझ्या त्या विद्यार्थिनीला पंधरा दिवस बसायला कार्यालय मिळाले. सर्वांनाच तसे मिळत नाही.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका